कागदावरची सहावी ओळ

वर्गात पाऊल टाकताच बाईंची नजर सवयीने टेबलाकडे गेली. वाळूचं घड्याळ जागेवर नव्हतं. त्याच्या जागी एक पांढरं, अंड्याएवढं, प्लॅस्टिकचं यंत्र बसलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवतात ना, पिळून वेळ लावायची आणि वेळ संपली की वाजतं, तसलं.

"फुटलं हो बाई ते," वाळूवाले सर म्हणाले. हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. वेळ राखायचं काम त्यांच्याकडे, म्हणून नाव वाळूवाले. "कपाटातून काढताना हातातून निसटलं. वीस वर्षांची काच, गेली. हे सुनेच्या ओट्यावरून पळवून आणलंय. ऐका, काय गोड वाजतं."

त्यांनी यंत्र पिळलं, सोडलं, आणि मान डोलावली. शेजारच्या दोघी हसल्या. म्हणजे वाजलं असणार. बाईंना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर, नेहमीच्या जागी जाऊन बसल्या.

या जमण्याला सगळे 'देवघेव' म्हणतात. दोन महिन्यांतून एक शनिवार, दुपारी, कुठल्यातरी शाळेतला एक रिकामा वर्ग. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, कुणी कुणाचा साहेब नाही. वरून आलेल्या प्रशिक्षणांत तीन-तीन दिवस जांभया देऊन विटलेल्या अकरा मास्तरांनी हे सुरू केलं. आता चाळीस-पन्नास जण येतात, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि आपापल्या वर्गातली युक्ती एकमेकांना देतात. डब्यातून ज्याची चिठ्ठी निघेल त्याने उठायचं आणि सात मिनिटं बोलायचं. सातच. वाक्य अर्धं असलं तरी तोंड मिटायचं, कारण मास्तर माणूस एकदा बोलायला लागला की त्याला ब्रह्मदेवही थांबवू शकत नाही, हे मास्तरांना स्वतःच पक्कं ठाऊक.

वर्ग कुठलाही असो, फळ्यावर आधी तीन नियम लिहायचे. कुठे फसलं ते आधी सांगा. का केलं ते सांगा. नेलेलं परत आणा. हा तिसरा नियम म्हणजे या मंडळींची खरी खोड. दुसऱ्याच्या युक्तीचा कागद कुणीही फुकट न्यावा, पण ती वापरल्यावर काय झालं ते इथे येऊन, त्याच माणसाच्या तोंडावर सांगावं. बरं असो, वाईट असो.

आणि आजवर सगळ्यात जास्त कागद गेला होता तो बाईंचा. बासष्ट प्रती. लोक त्यांना 'पत्तेवाल्या बाई' म्हणत, भेटले की "काय बाई, आज कोणता डाव?" असं चिडवत. पत्ते म्हणजे पुठ्ठ्याचे, प्रत्येक मुलाकडे तीन. हिरवा म्हणजे कळलं. पिवळा म्हणजे पुन्हा सांगा. लाल म्हणजे माझ्याजवळ या. बाईंच्या तिसरीच्या वर्गात कुणी 'बाई, बाई' करून ओरडत नसे. पत्ता वर व्हायचा, बाईंना दिसायचं. कागदावर पाच ओळींत सगळं लिहिलेलं होतं आणि पाचवी ओळ होती, 'तासाला तोंडाने आवाज अजिबात नाही.' का केलं, या प्रश्नाला बाईंनी दोन वर्षांपूर्वी सरळ उत्तर दिलं होतं, "लाजरी मुलंही बोलती होतात." ते खोटं नव्हतंच. पण खरं कारण त्यांच्या दोन कानांमागे दडलेलं होतं.

तीन वर्षांपासून बाईंचे कान दगा देत होते. जाड आवाज यायचे. ट्रक जायचा तो पायाला कळायचा. पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी शिट्टी, मग दारावरची घंटा, मग मुलं. मुलांचे आवाज काचेपलीकडून आल्यासारखे यायचे, नुसता गुळगुळीत गोंगाट. बाई ओठ वाचायला शिकल्या. देवघेवीत बोलणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, ही टूमही त्यांचीच. सगळ्यांना वाटलं, फोटो चांगले येतात म्हणून.

घरी नवऱ्याला माहीत होतं. तो वायरमन. त्याने दारावरच्या घंटेला तारा जोडून स्वयंपाकघरात लाल दिवा लावून दिला होता. "अगं, एक मशीन घे कानाचं," तो महिन्यातून एकदा तरी त्यांच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणायचा. आणि बाई म्हणायच्या, "कानाला लावलं की अख्ख्या शाळेला दिसेल. मग मला नोंदवहीच्या खोलीत टाकतील, तू ये मला भेटायला."

ही भीती उगाच नव्हती. बाईंच्या शाळेत शिवणकामाच्या बाईंची नजर अधू झाली, तेव्हा त्यांना जुन्या नोंदवह्या लावायच्या खोलीत बसवलं. पगार तोच. पण सहा महिन्यांत त्या बाईंनी नोकरीच सोडली. जाताना एवढंच म्हणाल्या, "तिथे कुणी मला प्रश्नच विचारत नाही गं." पत्तेवाल्या बाईंची सत्तावीस वर्षं वर्गात गेली होती. मूलबाळ नव्हतं. दरवर्षी तीस-पस्तीस पोरं यायची आणि वर्षाने पुढे जायची, तोच त्यांचा गोतावळा. वर्ग गेला तर उरलं काय?

म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. आजवर मूठ झाकलेली राहिली, कारण वाळू डोळ्यांना दिसायची. शेवटचे कण घसरताना बाई नेमक्या थांबायच्या. 'वेळ पाळावी तर पत्तेवाल्या बाईंनी' असा लौकिक होता. आज ते यंत्र वाजेल आणि बाई आपल्या बोलतच राहतील, पन्नास माणसांसमोर.

आणि त्या पन्नासांत आज कोण? दारातून मोठ्या मॅडम आत आल्या. बाईंच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. देवघेवीला कधी न फिरकणाऱ्या मॅडम आज शेवटच्या बाकावर ऐसपैस बसल्या आणि लांबूनच ओठ ठळक हलवत म्हणाल्या, "बाई, जूनपासून पहिली ते चौथी सगळीकडे तुमचे पत्ते लावायचे म्हणतेय मी. म्हटलं, आधी इथे काय म्हणतात ते बघू."

बाई हसल्या. हसणं भाग होतं. मनात म्हणाल्या, देवा, आज डब्यातून माझी चिठ्ठी तेवढी काढू नकोस.

देवाने ऐकलं, पण निम्मंच. चिठ्ठीची वेळच आली नाही. "परत आणणारं कुणी आहे का?" वाळूवाले सरांनी विचारलं, कारण परत आणणाऱ्याचा मान पहिला. मधल्या रांगेतून एकजण उठले. पुलापलीकडच्या शाळेतले चौथीचे सर. उंच, बारीक, एरवी सगळ्यांची नक्कल करून हसवणारा माणूस. आज दाढी वाढलेली. ते पुढे आले आणि खिडकीकडे पाठ करूनच उभे राहिले.

बाईंना त्यांच्या चेहऱ्यावर नुसता अंधार दिसला. "सर, जरा खिडकीकडे तोंड करता का?" त्या मोठ्याने म्हणाल्या. सर वळले. उजेडात त्यांचे डोळे लाल दिसले.

"पत्तेवाल्या बाईंचा कागद मी नेला होता," सर म्हणाले. "कुठे फसलं ते आधी सांगायचं ना, सांगतो. माझ्याकडे अठ्ठेचाळीस मुलं. आधी नुसता मासळीबाजार. पत्ते सुरू केले आणि आठ दिवसांत वर्ग असा शांत झाला की शेजारचे सर डोकावून गेले, पोरं आहेत की सहलीला गेली म्हणून. मला हुरूप आला. मी भिंतीवर तक्ता लावला. ज्या दिवशी एकही आवाज नाही, त्या दिवशी एक चांदणी. पोरं तर माझ्यापेक्षा येडी. एकोणीस चांदण्या झाल्या ओळीने."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच मुठीत धरला.

"विसाव्या दिवशी मी फळ्यावर वर्तुळ काढत होतो. मोठं, लाकडी कंपासाने. तीन-चार मिनिटं लागली असतील. आमचे बाक जुने, वर झाकणाचे. मागच्या रांगेतल्या एका मुलीचं बोट झाकणात गेलं, आणि शेजारची मुलगी नेमकी त्याच झाकणावर रेलली. ते असं घट्ट बसलं की दोघींना उचलेना. वर्तुळ झालं, मी वळलो. मागच्या तीन रांगांत लालच लाल. बारा-पंधरा पत्ते वर. तिने एका हाताने धरलेला, तिच्यासाठी बाकीच्यांनी धरलेले. ती रडत होती, अंग थरथरत होतं. आणि एकाही पोराने तोंड उघडलेलं नव्हतं. चांदणी जाईल म्हणून."

बालवाडीच्या एक ताई तोंडावर हात धरून बसल्या होत्या.

"हाडाला चीर आहे. नख गेलं. डॉक्टर म्हणतात, भरून येईल. तिच्या आईने तक्रार केली, करायलाच हवी होती. चौकशी लागली आहे, सोमवारी मला लेखी उत्तर द्यायचंय. मला दोष कुणावर ढकलायचा नाही. तक्ता माझा, डोकं माझं. पण बाई, मी कागद शंभरदा वाचला. पाचही ओळी पाळल्या. तुमच्याकडे दोन वर्षांत असं काहीच झालं नाही. मग माझ्याकडून काय राहिलं, तेवढं मला कळू दे. मी तिला बघायला गेलो होतो. तिने मला विचारलं, सर, मी ओरडले असते तर चाललं असतं का?"

ते शेवटचं वाक्य बाईंनी सरांच्या ओठांवर वाचलं, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

नियमाप्रमाणे आता ज्याचा कागद त्याची पाळी. वाळूवाले सरांनी ते पांढरं अंडं सातवर पिळून टेबलावर ठेवलं. बाई उठल्या.

काय राहिलं ते त्यांना सरांच्या वर्तुळापाशीच कळलं होतं. बाई स्वतः वर्गाकडे कधी पाठच करत नसत. एक क्षणसुद्धा नाही. पाठ केली की त्यांच्यापुरता वर्ग नाहीसाच व्हायचा. मागे कुणी पडलं, कुणी रडलं, तरी त्यांना कळणार नव्हतं. म्हणून त्या पाऊण तास आधी येऊन सगळा फळा लिहून ठेवत. ही ओळ कागदावर हवी होती. पहिली हवी होती. पण ती लिहिली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, का? आणि पंतोजींच्या या टोळीत 'का' म्हणजे फळ्यावरचा नियम. ओळ गाळली की प्रश्नच नको. सुंठीवाचून खोकला गेला, असं तेव्हा वाटलं होतं. तो खोकला पुलापलीकडच्या एका मुलीच्या बोटावर जाऊन बसला.

"एक ओळ राहिली," बाई म्हणाल्या. आवाज आपल्याला हवा तेवढाच निघतोय की मोठा, हे त्यांना समजेना. "वर्गाकडे पाठ करायची नाही. मी करत नाही."

"पण फळ्यावर लिहिताना?" सरांनी विचारलं.

"मुलं यायच्या आधी लिहून ठेवते."

"रोजचा सगळा फळा?"

मागून मोठ्या मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "खरंय हो, बाई रोज पाऊण तास आधी येतात. मला वाटायचं घरी करमत नसेल!" दोन-चार जण हसले. त्या हसण्याने वर्गातला ताण सैल झाला. आणि बाईंच्या लक्षात आलं, इथेच थांबता येईल. ओळ सांगून झाली. सर लिहून घेताहेत. मॅडम खूश आहेत. शिस्तीच्या बाई म्हणून टाळ्या पडतील आणि मूठ झाकलेलीच राहील.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. यंत्रावरचा काटा तीनवर होता.

पुलापलीकडचे सर लिहिता लिहिता थांबले. "बाई, रागावू नका. पण पाठ न करणं मला जमणार नाही. अठ्ठेचाळीस मुलं, भूमिती. तुम्ही एवढी खबरदारी घ्यायचं कारण काय? ते कळलं तर त्याच्या जागी मी दुसरं काही करीन. तिला उद्या काय सांगू मी?"

आता बोला! बाईंना वाटलं, खाली बसावं, डोकं दुखतंय म्हणावं, घरी जावं. मग ती मुलगी डोळ्यांसमोर आली. त्यांनी तिला पाहिलेलंही नव्हतं. एका हातात लाल पत्ता, दुसरं बोट झाकणात, आणि तोंड घट्ट मिटलेलं. आपल्या पाचव्या ओळीमुळे मिटलेलं.

"कारण मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही. काहींना वाटलं, त्या सरांना पुन्हा बोलायला सांगताहेत. सर जरा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे मी विचारत होतो की..."

"तुमचं कळलं, सर. ओठांवरून कळलं. मी माझ्या कानांचं सांगतेय. तीन वर्षं झाली. बारीक आवाज येत नाहीत, मुलांचे तर नाहीतच. लाजऱ्या मुलांसाठी वगैरे सगळं नंतर सुचलं. पत्ते मी माझ्यासाठी केले. माझ्या वर्गात आवाज बंद, कारण आवाज झाला तरी तो माझ्यापर्यंत पोचणार नाही. तुम्हाला धडधाकट कान होते, सर. तुमच्या पोरांची तोंडं मिटायची काही गरजच नव्हती. मी हे लपवलं, कारण माझा वर्ग काढून घेतील. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी, आणि तेही बासष्ट जणांपासून. तिला सांगा, चाललं असतं. ओरडली असती तर चाललं असतं. तिचं काही चुकलं नाही, तुमचंही फारसं नाही, आणि हे तुमच्या उत्तरात माझं नाव घालून लिहा. खाली सही करते मी."

त्या बोलत राहिल्या. घंटेच्या लाल दिव्याचं सांगितलं, शिवणकामाच्या बाईंचं सांगितलं, रात्री झोप लागत नाही तेही सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं की समोरच्या सगळ्यांचे डोळे एकदा टेबलाकडे जाऊन परत आलेत. वाळूवाले सरांनी ते यंत्र दोन्ही हातांच्या ओंजळीत दाबून धरलं होतं आणि खाली मान घातली होती.

"वाजलं का?" बाईंनी विचारलं.

"केव्हाच," सर म्हणाले.

बाई खाली बसल्या. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

पुलापलीकडचे सर येऊन त्यांच्या बाकाच्या कडेला टेकले. त्यांनी आपल्याकडची कागदाची प्रत पुढे केली. बाईंनी पाचवी ओळ खोडली, खाली सहावी लिहिली, 'वर्गाकडे पाठ करायची नाही, आणि दुखलं तर ओरडायचं,' आणि सही केली. पिशवीतल्या आपल्या कागदावरही तसंच लिहून घेतलं.

व्हरांड्यात मोठ्या मॅडम वाट बघत होत्या. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, उजेडात, आणि प्रत्येक शब्द सुटा करून बोलल्या. त्यावरून बाईंना कळलं की आता सगळं बदललंय.

"तीन वर्षं चौतीस-पस्तीस मुलं तुमच्या भरवशावर सोडली मी. आज मागे बसून मला घाम फुटला, बाई. सोमवारी पहिला तास मी वर्गात बसणार. त्यानंतर वर्ग तुमच्याकडे राहील की नाही, ते ठरवीन. नोंदवहीची खोली रिकामीच आहे. आधीच सांगून ठेवते, मला तुमची कीव करता येणार नाही."

"करू नका," बाई म्हणाल्या.

रविवारी नवऱ्याने काही विचारलं नाही. दोनदा चहा करून दिला, आणि तिसऱ्यांदा करायला निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "बस रे आता, कप तरी वाळू देत."

सोमवारी फळा लिहून झाला. मुलं आली. मागच्या बाकावर मोठ्या मॅडम वही उघडून बसलेल्या पाहून पोरांची पाचावर धारण बसली. बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या. भूमितीही नाही, पाढेही नाही.

"आज एक नवीन नियम," त्या म्हणाल्या. "काही दुखलं, लागलं, भीती वाटली, तर पत्ता राहू दे बाजूला. ओरडायचं. जोरात. आणि दुसरं. ओरडलात तरी मला कदाचित कळणार नाही, म्हणून मी नेहमी तुमच्याकडे बघत असते. मला ऐकू कमी येतं. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली. कळलं का?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौतीस हिरवे पत्ते वर झाले. एकदम, जरा जास्तच लवकर.

बाईंना शंका आली. "अरे, नुसतं हो म्हणू नका. मी काय सांगितलं ते कळलं का?"

पहिल्या बाकावरची, दोन दात पडलेली एक मुलगी उठली. ती बाईंच्या अगदी समोर आली, तोंड वर केलं आणि सावकाश बोलली. तेव्हा बाईंना जाणवलं की ही सगळी पोरं त्यांच्याशी अशीच बोलतात. समोर येऊन, तोंड वर करून, सावकाश. शिकवलं तर कुणीच नव्हतं.

"बाई, ते आम्हाला माहितीये."

"काय माहितीये?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. म्हणून तर आम्ही कान ठेवतो ना."

"कान?"

"पहिल्या बाकावर एकजण. आठवड्याला एकाची पाळी. मागे कुणी रडलं, पडलं, तर त्याने तुमची बाही ओढायची. तुम्ही म्हणता ना, काय रे, सारखी काय बाही ओढता? ते तेच." मुलीने मागे वळून वर्गाकडे पाहिलं, वर्गाने माना डोलावल्या. "या आठवड्याला मी कान आहे."

बाईंनी आपल्या बाहीकडे पाहिलं. बाही तर रोज कुणी ना कुणी ओढायचं. त्यांना वाटायचं, लाडकी सवय आहे पोरांची.

मागून मोठ्या मॅडम उठून पुढे आल्या. त्या मुलीसमोर वाकल्या. "हे कोणी ठरवलं गं?"

"आम्हाला मागच्या तिसरीने सांगितलं. वर्ग सोडताना, शेवटच्या दिवशी, मैदानात. त्यांना त्यांच्या मागच्यांनी सांगितलं होतं. आणि आम्ही दुसरीतल्यांना सांगणारोत."

"तीन वर्षं?" मॅडमनी विचारलं. "आणि घरी? आईबाबांना कुणीच सांगितलं नाही?"

"नाही." मुलीला तो प्रश्नच वेडगळ वाटला असावा. "सांगितलं असतं, तर बाईंना नेलं असतं ना तुम्ही."

मॅडम सरळ झाल्या, वही मिटली आणि बाईंकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा न करता, नेहमीसारख्या भरभर बोलल्या. "शाळा सुटली की कान तपासायला जायचं. मी येते सोबत. मशीन लागलं तर लावायचं, लाजायचं नाही. वर्ग चालू द्या."

त्या गेल्यावर बाईंनी पिशवीतून आपला कागद काढला. पुलापलीकडच्या सरांना चौकशीचं लेखी उत्तर आजच द्यायचं होतं. मधल्या सुट्टीत त्यांना कागदाचा फोटो पाठवायलाच हवा. शनिवारी लिहिलेल्या सहाव्या ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागावर त्यांनी रेघ ओढली. 'पाठ करायची नाही' म्हणे! तीन वर्षं ज्या ओळीवर हा वर्ग उभा होता, ती त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती.

"ये गं इकडे," त्या कान झालेल्या मुलीला म्हणाल्या आणि पेन उघडलं. "नीट सांग. मला कागदावर लिहायचंय. पहिल्यांदा काय करायचं?"

मुलगी समोर आली. तिने तोंड वर केलं आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.